दुसऱ्या नाम्याचं श्रेय

साप्ताहिक सदर : पोथ्या-पुस्तकं

‘येई हो विठ्ठले’ ही आरती मराठी घरांत पिढ्यानपिढ्या म्हटली जाते. तिच्या शेवटच्या कडव्यात कवीची मुद्रा येते : विष्णुदास नामा. म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी ज्ञानदेवांचे सखे संत नामदेवच असतात. पण विष्णुदास नामा या नावाचा आणखी एक मोठा कवी मराठीत होऊन गेला आणि त्याचं काम आपण जवळजवळ विसरलो आहोत.

संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. पंढरपूरची भक्ती त्यांनी पंजाबपर्यंत नेली. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला, एकनाथांचा समकालीन. त्याने व्यासांचं महाभारत मराठी ओवीत आणलं. नाथांचे नातू मुक्तेश्वर, पांडवप्रतापकार श्रीधर आणि मोरोपंत हे सगळे त्याच्यानंतरचे. संस्कृत न येणाऱ्या श्रोत्यांसाठी त्याने एवढा ग्रंथ मराठीत सांगितला. शब्दाला शब्द ठेवणारं हे भाषांतर नव्हे, पण महाभारत मराठी माणसाच्या कानी पडलं त्यात या नाम्याचा वाटा मोठा आहे. केंदूरचा नामा पाठक आणखी वेगळा. त्याने अश्वमेधाची कथा ओव्यांत रचली.

ही सरमिसळ कुणी मुद्दाम केली नाही. अभंग तोंडोतोंडी फिरले, कीर्तनकारांच्या बाडांत उतरले, एका बाडातून दुसऱ्यात गेले. ‘नामा’ ही मुद्रा दिसली की लिहिणाऱ्याने तो अभंग नामदेवांच्या नावे मांडला. शिवाय संत नामदेवही स्वतःला विष्णुदास म्हणवत, त्यामुळे मुद्रा पाहून निवाडा होत नाही. भाषेचं वय पाहावं लागतं, हस्तलिखितं ताडावी लागतात. एखाद्या अभंगात नामदेवांच्या नंतरच्या संताचं नाव आलं, तर तो त्यांचा कसा असेल? छापील गाथांत त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ते सगळे एकाच नाम्याचे मानणं अभ्यासाला धरून नाही.

संतांना श्रेयाची काय पर्वा, असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. प्रत्येक अभंगाच्या शेवटी त्यांनी स्वतःचं नाव गुंफलं. हे शब्द माझे, त्यांची जबाबदारी माझी, असंच ते सांगत होते. ती मुद्रा पुसट होऊ देणं हा दोघांवरही अन्याय आहे. विष्णुदासाचं काम हरवतं, आणि नामदेवांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेले शब्द जातात. मग सोळाव्या शतकातलं मराठी आपण तेराव्या-चौदाव्या शतकातलं समजून वाचतो.

नावं वेगळी कशी ठेवावीत याचा धडा पुण्याच्या सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी घालून दिला आहे. ऋग्वेद मराठीत आणणाऱ्या या पंडिताने प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश रचले. एकाच नावाचे अनेक ऋषी आणि राजे आले, तिथे प्राचीन चरित्रकोशात त्यांनी त्यांना क्रमांक देऊन वेगळं केलं. श्रद्धेला त्याने कुठेही धक्का लागला नाही. उलट प्रत्येकाला त्याची जागा मिळाली.

नामदेवांच्या गाथेलाही हीच शिस्त हवी. राज्य शासनाने १९७० साली ही गाथा प्रसिद्ध केली होती. आता नवी आवृत्ती काढताना प्रत्येक अभंग कोणत्या हस्तलिखितातून घेतला आणि कर्त्याबद्दल शंका आहे का, हे त्या त्या अभंगाखाली छापावं. विष्णुदासाच्या महाभारताची सामान्य वाचकाला परवडेल अशी आवृत्ती निघावी, आणि शाळेच्या पुस्तकांतल्या संतसाहित्याच्या पाठांत त्याची स्वतंत्र ओळख यावी. नामदेवांची थोरवी उसन्या अभंगांवर उभी नाही, त्यामुळे विष्णुदासाचं त्याला परत देताना कचरण्याचं कारण नाही.

– पोथीवाचक