कथा लिहिताना कानात काय असावे?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आमच्या वर्गात कथा-कविता लिहिणारी आम्ही चार-पाच जणे आहोत. मधल्या सुट्टीत चहा घेताना आमच्यात एक वाद हटकून निघतो. लिहायला बसताना कानात कोणते संगीत असावे? बदलापूरहून येणारा मित्र म्हणतो, बासरी. एक मैत्रीण म्हणते, इंग्रजी गाणी, कारण त्यांतले शब्द कळत नाहीत! अंबरनाथच्या आमच्या कविराजांना भावगीत लावल्याशिवाय ओळच सुचत नाही. वाद मिटत नाही, घंटा मात्र होते.

हा प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटेल. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवावे आणि मुलांनी कानात गाणी घालून बसावे, हे वडीलधाऱ्यांना रुचणार नाही. परंतु माझ्यापुरता हा प्रश्न चैनीचा नाही, जागेचा आहे. म्हणूनच तो या अंकात मांडण्याचे धाडस करते.

आमचे घर उल्हासनगरच्या कॅम्पात आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एकेका बराकीत पार्टिशने घालून अनेक बिऱ्हाडे राहिली. पुढे पुष्कळ बराकींच्या जागी चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. पण आवाज अडवील अशी भिंत आमच्या वाट्याला अजून आलेली नाही. एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. आई जीन्सचे धागे कापायचे काम घरी आणते, त्या गठ्ठ्यांनी अर्धी खोली भरते. पलीकडे शिलाई मशीन, अलीकडे टीव्हीवरची मालिका आणि मध्ये धाकट्या भावाचे पाढे! कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. अभ्यास करणे म्हणजे काय, हे घरात सर्वांना कळते आणि त्याचा मानही राखला जातो. पण कथा लिहिणे हेही काम आहे, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

म्हणून मी दीडशे रुपयांचे इअरफोन घेतले. तीच माझी खोली झाली. आई चिडायची, "अगं, कधीची हाक मारतेय! कानात बोळे घातलेस का?" बोळेच घातले होते, फक्त ते सुरांचे होते.

अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग याने 'ऑन रायटिंग' (२०००) या पुस्तकात सांगितले आहे, की तो मोठ्या आवाजात रॉक संगीत लावून लिहितो. संगीत म्हणजे त्याच्या लेखी दार लावून घेण्याचाच आणखी एक प्रकार. हे वाचून मला मनस्वी आनंद झाला. मग ध्यानात आले, की किंगच्या खोलीला आधीच एक खरेखुरे दार आहे! आमच्याकडे संगीत हेच दार. तेव्हा ते निवडताना आम्ही अधिक सावध असायला हवे.

दोन वर्षे मी नाना प्रयोग केले. सनई लावली, तर तिसऱ्या पानावर नायिकेचे लग्न ठरले. वास्तविक कथेत लग्नाचा विषयही नव्हता. सतारीचा झाला सुरू झाला की माझी वाक्ये धावू लागत आणि पूर्णविराम मागे राहत. कथेतले आजोबा शेवटचा श्वास घेत असताना मोबाईलवर मध्येच झटपट कर्जाची जाहिरात लागली. फुकटच्या संगीताला ही किंमत मोजावीच लागते! सर्वांत अधिक साथ दिली ती 'कॉल ऑफ द व्हॅली' या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेने. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार मिळून त्यात काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस उभा करतात. एकही शब्द न उच्चारता तेथे गोष्ट सांगितली जाते आणि शब्दांची जागा आपल्यासाठी मोकळी राहते.

परंतु खरा घात केला तो माझ्या आवडत्या गाण्यांनी. गेल्या वर्षी मी वडिलांवर एक कथा लिहिली. वडील रसायनाच्या कारखान्यात पाळीवर काम करतात. कथा करुण व्हावी म्हणून मी ठरवून दर्दभरी हिंदी चित्रपटगीते लावली. लिहिताना डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा वाटले, कथा साधली! मराठीच्या बाईंना वाचायला दिली. कथेतले वडील खोकत होते, रडत होते, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक भाषण करीत होते. बाईंनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, 'हे वडील कोणाचे?'

मला राग आला. दोन दिवस मी बाईंच्या तासाला मागच्या बाकावर बसले. मग एका रात्री ती कथा दुरुस्त करायला घेतली आणि नेमकी मोबाईलची बॅटरी संपली. चार्जर भावाने कुठेतरी टाकला होता. नाइलाजाने कान उघडे ठेवून बसले. आईच्या कात्रीचा बारीक आवाज येत होता. साडेअकराच्या सुमारास दुसरी पाळी संपवून वडील आले. त्यांनी दाराबाहेरच चपला काढून हातात घेतल्या आणि डबा वाजू नये म्हणून ओट्यावर आधी फडके टाकून त्यावर ठेवला. हळूच विचारले, "निजली का गं पोरं?" आई म्हणाली, "मोठी लिहितेय." वडील म्हणाले, "मग दिवा राहू दे."

ते भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपले. नंतर आईला विचारले, तर ती म्हणाली, "रोजच म्हणतात तसं. तुझ्या कानात असतात ना वायरी!" दोन वर्षे माझे वडील माझ्या कथेचे सर्वांत चांगले वाक्य रोज रात्री माझ्यामागे चार फुटांवर बोलत होते आणि मी त्या वेळी परक्या माणसांच्या दुःखावर रडत होते.

यावरून संगीत वाईट, असा निष्कर्ष मी काढत नाही. शब्दांचे संगीत आणि बिनशब्दांचे संगीत यांत फरक आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. सलामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना समोर दाखवलेले आकडे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितले होते. त्या वेळी गाणे कानावर पडत असले, तर नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा अधिक चुका होत. आकडे म्हणजे कथा नव्हे, हे मान्य. पण लिहिताना आपणही वाक्य आधी मनात बोलतो आणि मग कागदावर उतरवतो. तेवढ्यात दुसराच कोणी कानात बोलू लागला, तर आपले वाक्य सांडणारच. आणि तो दुसरा आपल्यापेक्षा गोड गळ्याचा असेल, तर आपण त्याचेच ऐकणार!

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक असावी. लहानपणी आजी मला सप्ताहातल्या कीर्तनाला नेत असे. अभंगाचे चरण चालू असताना टाळ-मृदंगाने मांडव दणाणून जाई. पण बुवा दृष्टान्त सांगू लागले, की मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांचे टाळ थांबत. गोष्ट संपली, की पुन्हा नामाचा गजर! आमच्या कॅम्पातल्या सिंधी शेजाऱ्यांकडे 'भगत' नावाचा प्रकार आहे. त्यात गाणे, नाच आणि मधूनमधून बोलून सांगितलेली गोष्ट असते. भगत कंवरराम (१८८५–१९३९) यांचे नाव ते आजही हात जोडून घेतात. म्हणजे गाणे आणि गोष्ट यांचे वैर मुळीच नाही. फक्त कोणी केव्हा बोलायचे आणि कोणी केव्हा थांबायचे, हे ठरलेले असावे लागते.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. बसण्यापूर्वी, मन लागावे म्हणून, हवे ते गाणे ऐकावे. वर्णन लिहिताना, घरातला गोंगाट अडवायला, शब्द नसलेले वाद्यसंगीत लावावे. आणि कथेतले माणूस बोलू लागले, की कानातल्या वायरी काढून ठेवाव्यात. त्या वेळी घर जे ऐकवील, ते ऐकावे.

कोणी म्हणेल, अण्णा भाऊ साठे यांना कुठे होती खोली? घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहून त्यांनी लिहिले. डफावरचे पोवाडेही लिहिले आणि 'फकिरा'सारखी कादंबरीही. हे खरेच आहे आणि त्यांच्यापुढे माझे मस्तक नम्र होते. पण थोरांनी अडचणीत लिहिले म्हणून अडचण हीच लेखनाची शाळा आहे, असे कोणी मानू नये. अडचणीत किती जणांचे लेखन बुडाले, याची नोंद कुठल्याच वाङ्मयेतिहासात सापडायची नाही.

म्हणून शेवटी गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. आपले वाचनालय चार वाजता बंद होते. शेजारचा एक वर्ग रोज सहापर्यंत उघडा ठेवता येणार नाही का? पंखा नसला तरी चालेल. शांतता तेवढी असावी. लिहिणाऱ्यांनी तेथे बसावे, वाचणाऱ्यांनी वाचावे, कोणी कोणाशी बोलू नये. आमच्यासारख्यांना कान बंद करण्यासाठी तरी संगीत लावावे लागू नये. ते ऐकण्यासाठीच लावता यावे.

ती कथा मी पुन्हा लिहिली. वडील आता तिच्यात रडत नाहीत, भाषणही करीत नाहीत. ते एकच वाक्य बोलतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. बाईंनी या खेपेस समासात काहीच लिहिले नाही, वही परत देताना फक्त विचारले, "वडिलांना वाचून दाखवलीस का गं?"

अजून नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी आहे. तेव्हा संध्याकाळी दाखवीन म्हणते.