कंपनी विकली, तक्रारीचे काय?

मायक्रोसॉफ्टने निन्टेन्डो ही कंपनी विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या त्रैमासिकात कशाला, असे पुष्कळजणींना वाटेल. पाणी, रेशन, पोटगी यांच्यात आपण गळ्यापर्यंत बुडालेल्या असताना टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांची ही चर्चा कोणाला परवडते? पण या धंद्यात कामाला बायका आहेत. अमेरिकेत तर खेळणाऱ्यांपैकीही जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत, असे तिथल्या उद्योगाचीच संघटना सांगते. तरीही मोठा मालक दुसऱ्या मालकाला गिळायला निघतो तेव्हा चर्चा होते ती फक्त शेअरच्या भावाची, आणि कोणता खेळ कोणत्या यंत्रावर चालेल याची. कामगार बाईचे नाव त्यात कुठेच नसते. म्हणून हा लेख.

हा सौदा माझ्या कल्पनेतला नाही. २००० च्या सुरुवातीला, स्वतःचे एक्सबॉक्स यंत्र बाजारात येण्याआधीच, मायक्रोसॉफ्टची माणसे निन्टेन्डोकडे विक्रीची विचारणा करायला गेली होती. समोरच्यांनी ती हसण्यावारी नेली, असे त्या बैठकांतल्याच लोकांनी पुढे सांगितले. ऑगस्ट २०२० मध्ये एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी सहकाऱ्यांना पत्र लिहिले. निन्टेन्डो हातात येणे हा आपल्या कारकिर्दीतला मोठा क्षण ठरेल, पण जबरदस्तीने ताबा घेणे बरे नाही, वाट पाहू, अशा आशयाचे ते पत्र होते. एका खटल्याच्या कागदपत्रांतून सप्टेंबर २०२३ मध्ये ते चुकून जगासमोर आले. आज असा सौदा जाहीर झालेला नाही. पण इच्छा किती जुनी आणि चिवट आहे ते यावरून कळते. टीव्हीला जोडायची यंत्रे बनवणारे मोठे मालक जगात तीनच: सोनी, निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट. सेगा २००१ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. तिघांचे दोघे झाले तर काय, असा हा प्रश्न आहे.

माझे उत्तर सरळ आहे: घेऊ नये, आणि घेऊ देऊ नये. कारण मात्र वर्तमानपत्रांतल्या अर्थविषयक पानांपेक्षा वेगळे आहे.

मायक्रोसॉफ्टच्या मागच्या मोठ्या खरेदीत काय घडले ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. स्त्रियांना कमी पगार, बढतीत डावलणे, बाळंतपणावरून त्रास, आणि कामाच्या जागी दारू पिऊन अंगचटीला येणाऱ्या पुरुषांची मोकळीक, असे आरोप होते. कंपनीत स्त्रियांचे प्रमाण सुमारे २० टक्के असल्याचे दाव्यात म्हटले होते. कंपनीने आरोप फेटाळले. कर्मचारी काम सोडून बाहेर आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये, प्रमुख बॉबी कोटिक यांना यातले बरेच काही आधीपासून ठाऊक होते, अशी बातमी आली. तीही कंपनीने नाकारली. पुन्हा कर्मचारी बाहेर पडले आणि हजाराहून अधिक जणांनी प्रमुखांच्या राजीनाम्यासाठी सह्या केल्या. कोणतीही संघटना पाठीशी नसलेल्या, भरपूर शिकलेल्या, आपण कामगार आहोत असे एरवी न मानणाऱ्या माणसांनी हे केले. आपल्याकडच्या संगणक-कंपन्यांत काम करणाऱ्या मुलींनी हे जरूर वाचावे.

मग १८ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टने ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला घेत असल्याचे जाहीर केले. दावा लागला तेव्हा कंपनीचा शेअर नव्वद डॉलरच्या आसपास होता. सहा महिन्यांत तो पासष्टच्या आसपास आला होता. दोन मोठे खेळ लांबणीवर पडले हेही त्याचे एक कारण, पण बायकांनी तोंड उघडले हे दुसरे. मायक्रोसॉफ्टने शेअरला ९५ डॉलर दिले. म्हणजे बायकांच्या बोलण्यामुळे माल स्वस्त झाला, तो घेणाऱ्याला परवडला, आणि विकणाऱ्या भागधारकांचे नुकसानही भरून निघाले. ज्यांनी नोकरी पणाला लावून तक्रार केली, त्यांचा या हिशेबात रकानाच नव्हता. प्रमुख २०२३ च्या अखेरीपर्यंत खुर्चीवर राहिले आणि सौदा पुरा झाल्यावर गेले. हजार सह्यांनी जे झाले नाही ते विक्रीने झाले, तेही विक्रीच्या सोयीने.

दाव्याचे काय झाले? केंद्र सरकारच्या आयोगाशी १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. सौदा ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला, आणि डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या खात्याशीही सुमारे साडेपाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. बरेचसे पैसे २०१५ ते २०२० या काळात तिथे काम केलेल्या स्त्रियांसाठी, कंत्राटी स्त्रियांसकट, ठेवले गेले. ही गोष्ट लहान नाही. पण ही तडजोड पगार आणि बढतीतल्या भेदभावापुरती राहिली. व्यापक लैंगिक छळाचा आरोप कोणत्याही न्यायालयाने वा स्वतंत्र चौकशीने सिद्ध केलेला नाही, असे वाक्य सरकारी खात्याच्या सहीनिशी त्यात आले. पुरावे उघड्या न्यायालयात तपासले गेले असते तर निकाल कोणत्याही बाजूने लागला असता. निदान तपासले गेले असते.

याच सौद्याची छाननी मात्र जवळजवळ दोन वर्षे चालली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये तो अडवायला धाव घेतली, आणि जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने आयोगाची मागणी फेटाळली. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये नकार दिला आणि सौद्यात बदल झाल्यावर होकार. हजारो पाने लिहिली गेली. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ नावाचा बंदूकबाजीचा खेळ सोनीच्या यंत्रावर किती वर्षे मिळेल यावर मोठमोठ्या वकिलांनी दिवसच्या दिवस खल केला. पुरुषांच्या करमणुकीची केवढी ही काळजी! तक्रार करणाऱ्या बाईला दुसरी नोकरी मिळायला आता किती दारे उरतील, हा प्रश्न त्या खटल्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मालक असलेल्या धंद्यात बाईची ताकद कशात असते? ‘इथे नाही तर तिथे’ एवढेच तिच्या हातात असते. गिरणीत, इस्पितळात, शाळेत हे आपण पाहिलेले आहे: संस्था एकाच संचालकाच्या असल्या की एका शाळेत भांडलेल्या शिक्षिकेला गावातल्या दुसऱ्या शाळेचेही दार बंद होते. खेळांच्या धंद्यात लेखिका, चित्रकार, चाचणी करणाऱ्या मुली यांची हीच अवस्था. त्यातल्या अनेकजणी कंत्राटी. मालक मालकाला विकत घेतो तेव्हा ‘तिथे’ नाहीसे होते. कायदेपंडित मक्तेदारी म्हणतात ती गिऱ्हाइकाच्या बाजूने. कामगाराच्या बाजूनेही मक्तेदारी असते, आणि बायकांना ती आधी जाणवते, कारण जागा सोडायचे कारण त्यांना अधिक वेळा पडते.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खोटी नाही. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या दळणवळण कामगारांच्या संघटनेशी करार केला, की ॲक्टिव्हिजनचे कामगार संघटना करू लागले तर कंपनी आडवी येणार नाही. त्यानंतर त्या संघटनेने सौद्याला पाठिंबा दिला. त्याच्या महिनाभर आधी ॲक्टिव्हिजनच्या रेव्हन सॉफ्टवेअरमधल्या चाचणी कामगारांनी १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापली होती, जुन्या मालकाशी झगडत. नव्या मालकाच्या राज्यात हे सोपे झाले. २०२४ मध्ये ब्लिझर्डच्या एका प्रसिद्ध खेळावर काम करणारे पाचशे कर्मचारी संघटित झाले. त्यामुळे ‘मोठा मालक म्हणजे वाईटच’ असे मी म्हणत नाही. वाईट मालकाच्या तावडीतून सुटायला कामगार दुसऱ्या मालकाचा हात धरतात, त्यात त्यांचे चुकले असेही नाही. पण करार होतो मालकाला परवानगी हवी असते तोवर. परवानगी मिळाल्यावर तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, खेळ विभागातल्या १,९०० जणांना घरी पाठवले. जुलै २०२५ मध्ये साऱ्या कंपनीतून सुमारे ९,००० जणांना काढले. संघटनेचा हक्क कागदावर शाबूत राहिला. पुष्कळांची नोकरी राहिली नाही.

या जुलैच्या कपातीत एक खेळ रद्द झाला, त्याची गोष्ट आपल्या विषयाशी थेट जुळते. ‘पर्फेक्ट डार्क’ हा मूळ खेळ २००० साली निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. त्याची नायिका जोअॅना डार्क ही हेर आहे. तिला कोणी सोडवायला येत नाही, तीच कामगिरीवर जाते. तो बनवणाऱ्या रेअर या इंग्रज कंपनीत निन्टेन्डोची भागी होती. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी ३७.५ कोटी डॉलरला घेतली आणि नायिकाही त्यांच्याकडे गेली. नव्या खेळासाठी एक वेगळा कारखाना वर्षानुवर्षे राबला. २०२५ मध्ये खेळ रद्द, कारखाना बंद.

याहून जुने उदाहरण रोबर्टा विल्यम्स यांचे. १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’, १९८४ मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ रचून त्यांनी या माध्यमात गोष्ट सांगण्याची एक रीतच घातली. पतीबरोबर उभारलेली त्यांची सिएरा कंपनी १९९६ मध्ये सीयूसी नावाच्या कंपनीला विकली गेली. १९९८ मध्ये त्या खरेदीदाराच्या हिशेबातले घोटाळे बाहेर आले, आणि १९९९ मध्ये ओकहर्स्ट गावातला सिएराचा मूळ कारखाना बंद झाला. पुढे सिएराची नावे हाती फिरत २००८ मध्ये ॲक्टिव्हिजनकडे आणि तिथून मायक्रोसॉफ्टकडे पोहोचली. गंमत अशी, की ॲक्टिव्हिजन १९७९ मध्ये निघाली तीच खेळ रचणाऱ्याचे नाव डब्यावर छापले जावे या भांडणातून. अटारी कंपनी ते छापत नसे. कॅरोल शॉ यांनी अटारीनंतर १९८२ मध्ये ‘रिव्हर रेड’ हा गाजलेला खेळ ॲक्टिव्हिजनसाठीच केला. बाईच्या नावाला जागा देणारी ती कंपनी चाळीस वर्षांनी कशासाठी न्यायालयात गेली ते वर आलेच आहे.

निन्टेन्डो म्हणजे माहेर, असेही नाही. १९८५ पासून राजकन्येला पळवून न्यायचे आणि मिशीवाल्या नळकारागिराने तिला सोडवायचे, यावर ज्यांनी घर बांधले, ज्यांनी १९८९ मध्ये आपल्या हातातल्या यंत्राला ‘गेम बॉय’ हेच नाव दिले, त्यांची आरती ओवाळायचे कारण नाही. अमेरिकेतल्या त्यांच्या शाखेतली कंत्राटी कामगाराची एक तक्रार २०२२ मध्ये कामगार मंडळापुढे गेली होती. पण तिथेच आया क्योगोकु या दिग्दर्शिकेने २०१२ च्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’ मालिकेतल्या खेळाच्या चमूत जवळजवळ निम्म्या स्त्रिया घेऊन काम केले, आणि बायका जास्त असल्या की वेगळ्या कल्पना येतात हे २०१४ मध्ये जाहीर व्यासपीठावरून सांगितले. त्यांचाच २०२० चा पुढचा खेळ चार कोटींहून अधिक विकला गेला. त्यात मारामारी नाही. बेटावर राहायचे, झाडे लावायची, शेजाऱ्यांशी बोलायचे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१६ मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत दिवसा स्त्रियांसाठी भोजन ठेवले आणि रात्री पार्टीत तोकड्या कपड्यांतल्या नर्तकी आणल्या. बोभाटा झाल्यावर स्पेन्सर यांनी माफी मागितली. हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहा. दोन मालक असले तर दोन रीती शक्य असतात, एवढाच माझा मुद्दा आहे. त्यातली एक बरी निघू शकते.

अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये विलीनीकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत कामगारांसाठी मालकामालकांत असणारी स्पर्धाही पाहावी, असे स्पष्ट लिहिले. ॲक्टिव्हिजनचा सौदा तोवर होऊन गेला होता. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात एकत्रीकरण तपासताना कोणत्या गोष्टी पाहायच्या त्याची लांबलचक यादी आहे. कामगार त्यात नाहीत, स्त्रिया तर नाहीतच. सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटींहून मोठ्या परदेशी सौद्यालाही, त्या कंपनीचा भारतात मोठा व्यवसाय असल्यास, दिल्लीच्या आयोगाची परवानगी लागते. म्हणजे प्रश्न विचारायची जागा आपल्याकडे आहे, प्रश्नच लिहिलेला नाही. आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात, चौकशी चालू असताना कंपनीच विकली गेली तर पुढे काय, यावर स्वतंत्र कलम नाही.

इथे आपल्यापैकी अनेकींचा थेट संबंध येतो. त्याच कायद्याने कंपनीच्या अंतर्गत समितीवर बाहेरची एक सदस्य असावी लागते, आणि पुण्या-मुंबईच्या संगणक-कंपन्यांत ती बहुधा आपल्याच संस्थांतली असते. ती कंपनी विकली जात असल्याचे कळताच त्या मैत्रिणीने समितीच्या बैठकीत लेखी विचारावे: किती तक्रारी चालू आहेत, त्या कोणाकडे जाणार, तक्रारदार बाईला नव्या मालकाकडेही तीच जागा आणि तोच पगार मिळणार का. उत्तर बहुधा ‘गोपनीय आहे’ असे येईल. कायद्याने गोपनीय आहेत ती तक्रारदाराची आणि साक्षीदारांची नावे व चौकशीचा तपशील. तक्रारींची संख्या समितीने दरवर्षी मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचीच असते.