बालेवाडीत जिंकलेली मुलगी

शुक्रवारी रात्री डिप्लॉयमेंट होतं. ते आटोपेपर्यंत अडीच वाजले आणि मग झोप गेली ती गेलीच. अशा वेळी मी यूट्यूबवर जुन्या टेनिस मॅचेस लावून बसतो. या वेळी लावली विम्बल्डन २०२३ ची, एलिना स्वितोलिना विरुद्ध व्हिक्टोरिया अझारेंका. स्कोअर पाठ होता. २-६, ६-४, ७-६, आणि शेवटचा टायब्रेक ११-९. निकाल माहीत असूनही त्या टायब्रेकला मी लॅपटॉपसमोर उभा होतो. शेजारच्या खोलीतून रूममेट ओरडला, "झोप ना बाबा!" सकाळी चहाला त्याला सगळं सांगितलं, तर साहेबांचा पहिला प्रश्न, "ही कोण? ग्रँडस्लॅम आहे का हिच्या नावावर?"

नाही. २०२६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत धरलं तर चार सेमीफायनल, आणि फायनल एकही नाही. "मग काय," म्हणाला आणि पोहे खायला लागला. ही पोस्ट त्या "मग काय"वर आहे.

आधी एक गंमत. ही बाई पुण्यात जिंकलेली आहे! नोव्हेंबर २०१२, दिवाळीच्या तोंडावर बालेवाडीला डब्ल्यूटीएची एक स्पर्धा झाली होती. १२५ नावाची नवी मालिका त्याच वर्षी सुरू झाली, त्यातल्या अगदी पहिल्या दोन स्पर्धांपैकी ही एक. फायनलला अठरा वर्षांची स्वितोलिना आणि समोर बेचाळीस वर्षांची किमिको दाते-क्रुम. स्वितोलिनाने ६-२, ६-३ असं उडवलं. मी तेव्हा दहावीत, औंधला राहायचो, सायकलवर पोचलो असतो. पण क्लास होता. दहावीच्या त्या क्लासमध्ये काय शिकलो ते आज एक अक्षर आठवत नाही. असो.

तर ही मुलगी ओदेसाची. बाराव्या-तेराव्या वर्षी टेनिससाठी घर हलवून खार्किवला गेली. २०१० ला फ्रेंच ओपनची ज्युनियर विजेती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने सेरेनाला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. २०१७ मध्ये पाच स्पर्धा जिंकून सप्टेंबरात जगात तिसरी. २०१८ ला सिंगापूरची डब्ल्यूटीए फायनल्स एकही मॅच न हरता जिंकली.

आणि तरी तिच्यावर शिक्का एकच, मोठ्या स्पर्धेत ढेपाळते. त्यात तथ्य होतं, उगाच कशाला लपवा. २०१७ च्या फ्रेंच ओपनला हालेपविरुद्ध ६-३, ५-१ अशी पुढे होती. मॅच पॉइंटही आला होता. तिथून हरली आणि शेवटचा सेट ६-०! मी ती मॅच हॉस्टेलवर बघितली होती. त्या काळातला तिचा खेळ म्हणजे सगळं परत मारायचं, समोरचीने चूक करेपर्यंत थांबायचं. प्रत्येक केस हँडल करणारा सुरक्षित कोड. मोठ्या मॅचला समोरची चूक करेनाशी झाली की हिच्याकडे दुसरा उपायच नसायचा.

मग २४ फेब्रुवारी २०२२ आलं आणि खार्किववर बॉम्ब पडायला लागले. त्यानंतर आठवड्याच्या आत मेक्सिकोतल्या माँतेरेला तिची मॅच होती, समोर रशियाची पोतापोवा. रशियन खेळाडू देशाचं नाव-झेंडा न लावता खेळणार नसतील तर मी कोर्टवर उतरणार नाही, असं तिने आधीच सांगितलं होतं. टेनिसच्या संघटनांनी तसा निर्णय जाहीर केला, तेव्हा ती निळ्या-पिवळ्या कपड्यांत उतरली आणि ६-२, ६-१ जिंकली. बक्षिसाची रक्कम युक्रेनच्या सैन्याला. पण महिन्याभरात ती थांबली. पाठ दुखत होती आणि मन तर अजिबातच जागेवर नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. (नवरा गेल मोंफिस, तोच तो हवेत उडणारा फ्रेंच टेनिसपटू.)

आता जरा रँकिंगचं गणित, कारण मला वाटतं मुद्दा तिथेच आहे. टेनिसचं रँकिंग म्हणजे बावन्न आठवड्यांची सरकती खिडकी. मागच्या वर्षी याच आठवड्यात कमावलेले पॉइंट या आठवड्यात गळून पडतात. म्हणजे वर्षभर घरी बसलात की तुम्ही शून्य. तुम्ही एकेकाळी जगात तिसऱ्या होतात याच्याशी डेटाबेसला काही देणंघेणं नाही. एप्रिल २०२३ ला चार्ल्सटनला ती परत आली तेव्हा तिला रँकिंगच नव्हतं. पहिलीच मॅच हरली. मग छोट्या आयटीएफ स्पर्धा खेळली, जिथे विशीतल्या पोरी नाव करायला येतात. मे महिन्यात ५०८ व्या क्रमांकावर असताना स्ट्रासबर्ग जिंकलं. पॅरिसला क्वार्टरफायनल. आणि विम्बल्डनला वाइल्ड कार्डवर आत येऊन व्हीनस, मेर्टेन्स, केनिन, अझारेंका, आणि मग त्या वेळी जगात पहिली असलेली श्वियाँतेक. रँक ७६ वरून २७. (दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपण टिकू असं तिलाही वाटलं नसावं. व्हिएन्नाला हॅरी स्टाइल्सच्या कॉन्सर्टची तिकिटं काढून ठेवली होती, ती वाया गेली.)

त्या दिवसांत सगळीकडे मथळे आले, 'आईपणाने दिली ताकद' वगैरे. मला हे जाम खटकतं. आईपणाने बॅकहँड सुधारत नाही हो. खेळ बदलला होता. ती आत येऊन मारायला लागली होती, सर्व्हिसवर धोका पत्करत होती. हरण्याची भीती कमी झाली असेल तर त्याचं कारण तिने स्वतःच सांगितलं होतं, की युद्ध बघितल्यावर कोर्टवरची कुठलीच परिस्थिती आता संकट वाटत नाही. पण तो बदललेला खेळ बसवायला रोज तासन् तास लागले असणार, आणि त्याबद्दल कोणी मथळा छापत नाही. हेही खरं, की तिच्याकडे पैसा होता, टीम होती, मूल सांभाळायला घरचे होते. सगळ्यांना ते नसतं.

आता हे सगळं मला एवढं का टोचलं ते सांगतो. माझ्या मागच्या कंपनीत आमच्या टीममध्ये एक सिनियर होती. मला पेमेंटचं अख्खं मॉड्यूल शेजारी बसवून तिने शिकवलं. ती मॅटर्निटी लीव्हवरून परत आली तोवर ते मॉड्यूल माझ्याकडे आलं होतं. तिला सपोर्टच्या तिकिटांवर बसवलं. अप्रेझलला 'या वर्षी काँट्रिब्युशन कमी' म्हणून खालचं रेटिंग. कमीच असणार ना, सहा महिने ती नव्हतीच! त्या वर्षी मला प्रमोशन मिळालं. मी पार्टी दिली. ती पार्टीला आली होती, अभिनंदन म्हणाली आणि लवकर गेली. मी मॅनेजरला तेव्हा एक शब्द बोललो नाही. नंतरही नाही.

टेनिससारख्या निर्दय धंद्यातसुद्धा बाळंतपणानंतर जुन्या रँकिंगवर ठराविक स्पर्धांना थेट प्रवेश देणारा नियम आहे. २०२५ पासून डब्ल्यूटीएने पगारी रजेचीही सोय केली. (पैसा सौदी फंडाचा, तो वेगळा वादाचा विषय!) तुम्ही म्हणाल, नियमाने मॅच जिंकता येत नाही. बरोबर, पण कोर्टपर्यंत पोचता येतं. पुढे तुम्ही आणि तुमचा रॅकेट. आमच्याकडे कोर्टच काढून घेतात आणि वर म्हणतात, बघा, एकही पॉइंट नाही मिळवला.

दुसरा वाद हस्तांदोलनाचा. रशिया-बेलारूसच्या खेळाडूंशी ती मॅचनंतर हात मिळवत नाही. मी ज्या मॅचने सुरुवात केली, तिच्या शेवटी बेलारूसची अझारेंका हे जाणून नेटजवळ न जाता लांबूनच हात उंचावून निघाली, तर प्रेक्षकांनी तिचीच हुर्यो उडवली. बिचारीने काय केलं होतं? स्वितोलिना नंतर म्हणाली, की संघटनांनी आधीच जाहीर करून टाकावं, हस्तांदोलन होणार नाही म्हणून. मला हे फार पटलं. 'खेळात राजकारण नको' हे वाक्य सोफ्यावरून बोलायला सोपं असतं. जुलै २०२४ मध्ये कीव्हच्या मुलांच्या हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं, त्याच दिवशी तिची विम्बल्डनला मॅच होती. काळी फीत लावून खेळली, ६-२, ६-१ जिंकली, आणि कोर्टवरच्या मुलाखतीत रडली. आपल्याकडे प्रॉडक्शन डाउन असलं तर दुसरं काही सुचत नाही!

सप्टेंबर २०२५ मध्ये तिने पुन्हा सीझन मध्येच थांबवला. या वेळी दुखापतीचं नाव पुढे केलं नाही, मनाने तयार नाही असं सरळ सांगितलं. जानेवारीत परतली, ऑकलंड जिंकली, मेलबर्नला सेमीफायनल गाठली. तिथे सबालेंकाने हरवलं.

रूममेटला संध्याकाळी अझारेंकाविरुद्धचा तो टायब्रेक दाखवला. शेवटी शेवटी मोबाइल बाजूला ठेवून बघायला लागला. नंतर त्याने पुण्यातल्या मॅचचं काही फुटेज आहे का ते शोधलं. आम्हाला तरी सापडलं नाही. कोणी त्या आठवड्यात बालेवाडीला गेलं होतं का? असाल तर सांगा, स्टँड रिकामेच होते की थोडी गर्दी होती?

आणि त्या सिनियरला मी आज दुपारी मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.