विकली गेलेलीच अपराधी

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मनुष्यव्यापार निषिद्ध ठरविला आणि न्यूयॉर्क येथील १९५० च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून १९५६ साली त्यासंबंधी कायदाही झाला. परंतु त्याचे आठवे कलम जो कोणी स्वस्थ चित्ताने वाचील, त्याला विकणाऱ्याइतकीच विकली गेलेलीही गुन्हेगार कशी ठरते, याचा उलगडा होईल. देहविक्रयासाठी सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकास खुणावणाऱ्या स्त्रीस पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तोच अपराध पुरुषाने केल्यास कमाल मर्यादा तीन महिने! शिवाय कलम १०-अ अन्वये केवळ स्त्रीलाच, सुधारणेच्या सोज्ज्वळ नावाखाली, दोन ते पाच वर्षे सुधारगृहात डांबता येते. १९८६ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातून स्त्रिया व मुली यांचा उल्लेख गळाला, कलमांतील पक्षपात मात्र शाबूत राहिला. कामाठीपुऱ्यात धाड पडते तेव्हा पंचनाम्यात तिचे नाव येते; लग्नाच्या वा नोकरीच्या आमिषाने तिला घराबाहेर काढणारा दलाल बहुधा दप्तरापर्यंत पोहोचतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात, स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या सज्ञान स्त्रियांना धाडीत अटक अथवा दंड करू नये, अशी शिफारस नमूद झाली खरी. पण न्यायालयाच्या आदेशाने संसदेची जबाबदारी संपत नाही. स्त्रीला शिक्षा देणारे ते आठवे कलम संसदेने आता रद्द करावे.