दिल्लीची सहल उन्हाळ्यातच कशाला?



कारखान्याचा पट्टा पडला, शेवटच्या टोळ्या गावाकडे परतल्या, की पारावर एक विषय हमखास निघतो. यंदा सहल कुठे? बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते: दिल्ली. देशाची राजधानी आयुष्यात एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा अगदी रास्त आहे. पण ती मे-जूनमध्येच का पाहावी, हे मात्र मला कधी कळलेले नाही.

कारणे दोन सांगतात. हंगामात सवड नसते, आणि मुलांना सुट्टी उन्हाळ्यातच असते. दोन्हींत तथ्य आहे. पण त्यासाठी साठी ओलांडलेल्या माणसांना दिल्लीच्या भट्टीत नेऊन उभे करणे मला तरी पटत नाही.

"आम्ही उन्हातलीच माणसं, दिल्लीचं ऊन आमचं काय करणार?" असे काहीजण छाती ठोकून म्हणतात. त्यांनी दोन आकडे ऐकावेत. २९ मे २०२४ रोजी दिल्लीत सफदरजंगला पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्याच वर्षी १९ जूनला तेथील किमान तापमान ३५.२ अंश होते. दुपारचे नव्हे हो, किमान! आपल्याकडे दिवस कितीही तापला तरी रात्री अंगणात बाज टाकली की अंग निवते. दिल्लीत त्या दिवसांत रात्रही निवत नाही. पश्चिमेकडून लू वाहते, भिंती तापलेल्याच राहतात, आणि शरीराला विसावा मिळत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की घरी असतो तेव्हा आपण ऊन ओळखून वागतो. बाराच्या सुमारास औत सोडतो, झाडाखाली भाकरी खातो, घटकाभर आडवे होतो. तोच माणूस सहलीत दुपारी एक वाजता लाल किल्ल्याच्या दगडी फरशीवर उभा असतो. का, तर गाडीवाल्याने संध्याकाळपर्यंत सात ठिकाणे दाखवायचे कबूल केलेले असते! शिवाय खांडवा, झाशी, ग्वाल्हेर या तापलेल्या मुलखातून साध्या डब्याचा प्रवास आधीच झालेला. मग कुणाला भोवळ येते, कुणाला ओकाऱ्या होतात, आणि बाकीची सहल दवाखाना शोधण्यात जाते.

बरे, एवढे सोसून पाहायला काय मिळते? संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीअखेर सुरू होऊन साधारण एप्रिलपर्यंत आटोपते, आणि पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैत भरते. म्हणजे मे-जूनमध्ये सभागृह रिकामे. राष्ट्रपती भवनाची फुलबाग फुलते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपल्या कामाचे ठिकाण म्हणजे पुसा येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्था. मूळची ही संस्था बिहारातील पुसा गावची. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली, म्हणून १९३६ मध्ये ती दिल्लीत आणली, आणि गावाचे नावही बरोबर आले. तिथला कृषी मेळा सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतो. मे महिन्यात गव्हाची काढणी केव्हाच उरकलेली असते, वावर मोकळे असते. शेतकऱ्याने काय पाहायचे, धसकटे?

मग जायचे केव्हा? माझी सूचना साधी आहे. ज्यांचा आडसाली ऊस डिसेंबर-जानेवारीत तुटून जातो, त्यांनी खोडव्याची पाचट, खत, पाणी मार्गी लावावे आणि फेब्रुवारीत निघावे. त्यांना संसद चालू सापडेल, बाग फुललेली आणि पुसाची पिके उभी दिसतील. ज्यांचा ऊस मागे तुटतो त्यांची तुकडी बॉयलर पेटण्याआधी, ऑक्टोबरात जावी. मुलांना दिवाळीची सुट्टी लागली तर तीही बरोबर येतील. सगळ्यांनी एकाच दिवशी निघायला आपण काही वरात घेऊन जात नाही!

एवढे सांगूनही ज्यांना उन्हाळ्यातच जाणे भाग आहे, त्यांनी निदान सूर्याचे वेळापत्रक पाळावे. कुतुबमिनारसारखी उघड्यावरची ठिकाणे सकाळी लवकर उरकावीत. दहा ते पाच सावलीत राहावे, राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. मात्र लाल किल्ला आणि संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. शहरात फिरायला २००२ पासून मेट्रो आहे, ती थंडही आहे आणि रस्त्याच्या गर्दीतून सुटकाही होते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घेत राहावे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटके बसण्याइतके तापले, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. घाम येत असला तरीही. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ११२ वर फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच ओतू नये.

सहल काही फुकट होत नाही. ती कारखान्याने काढली काय किंवा आपण वर्गणी काढून केली काय, पैसा उसाचाच. तो खर्चून माणसे दमून, आजारी पडून आणि रिकामे सभागृह पाहून परतत असतील, तर तो वाया गेला असेच म्हणावे लागेल. तरी येत्या वार्षिक सभेत संचालक मंडळाने सहलीच्या महिन्याचा विषय घ्यावा, आणि सभासदांनीही आपले मत मोकळेपणाने मांडावे, ही नम्र विनंती. दिल्ली कुठे पळून जात नाही. आपण मात्र धडधाकट परत आले पाहिजे.

— एक ऊस उत्पादक सभासद