खुर्चीतून उठून चालणारा माणूस ढोंगी नसतो

काही जणांना राग येईल. येऊ दे.

अमेरिकेच्या विमानापुढे लागलेल्या व्हीलचेअरच्या रांगेचे फोटो अधूनमधून आपल्या ग्रुपांवर फिरतात. खाली ठरलेला विनोद असतो. चढताना सगळे पांगळे, उतरल्यावर सगळे टुणटुणीत, विमानात बहुतेक कुणी चमत्कारी बाबा बसले होते! मग हसण्याच्या इमोजींचा पाऊस. मला हसू येत नाही, कारण त्या खुर्चीतून उठून चार पावलं चालणाऱ्यांत मीही असते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अकरा वर्षं झाली.

एमएस म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर, हल्ला करते. उंदराने वायरचं प्लास्टिक कुरतडलं की जे होतं तेच. करंट निघतो, पण पोचेल तेव्हा खरं. त्यामुळे सकाळी मी उभी राहून पोळ्या लाटते आणि दुपारी त्याच पायांनी बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरते. अंगाचं तापमान जरा वाढलं, उन्हाने, तापाने किंवा नुसत्या गर्दीतल्या उकाड्याने, की नजर अंधुक होते आणि पाय शिशाचे होतात. लघवीची घाई सांगून येत नाही. आणि यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एमएसचं नाव स्वतंत्रपणे लिहिलंय. कायद्याला जे दिसतं ते रांगेत मागे उभ्या असलेल्या काकांना दिसत नाही. ते म्हणतात, "चांगल्या धडधाकट दिसताय की!"

विमान कंपन्यांना हा फरक नीट ठाऊक आहे. जगभर चालणारे त्यांचे तीन कोड आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, विमानात चालता येतं, पण विमानतळावरचं लांब अंतर जमत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही जमत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. म्हणजे खुर्चीतून उठून स्वतःच्या पायांनी सीटवर जाणं ही फसवणूक नाही, पहिल्या कोडची व्याख्याच ती आहे. एमएसचा माणूस मुंबईत चढताना पहिल्या कोडचा असतो आणि पंधरा-सोळा तासांनी तिकडे उतरताना दुसऱ्या कोडचा झालेला असू शकतो. तेव्हा विमानाच्या दारात उभं राहून कोण खरं आणि कोण खोटं याचा निकाल देऊ नका. ते तुमचं काम नाही.

आता दुसरी बाजू. इथे मला आपल्याच माणसांशी भांडायचंय.

मुलगा न्यू जर्सीला. आईबाबा पहिल्यांदा निघालेत. दोघंही रोज सकाळी टेकडी चढतात. पण तिकीट काढताना मुलगा किंवा एजंट दोघांच्या नावापुढे व्हीलचेअरची खूण करून टाकतो. का? तर मधे विमान बदलायचंय, इंग्रजी बोलायची धास्ती आहे, इमिग्रेशनवाला काय विचारेल कोण जाणे. ही भीती खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. सत्तरीत पहिल्यांदा परक्या विमानतळावर उभं राहणं सोपं नाही. पण भीतीवरचं औषध खुर्ची नाही. सोबत हवी असेल तर सोबत मागा. 'मीट अँड असिस्ट' नावाची सेवा बऱ्याच ठिकाणी मिळते. माणूस बरोबर चालतो, फॉर्म भरायला मदत करतो, पुढच्या गेटवर सोडतो. फक्त तिला बहुतेक वेळा पैसे पडतात आणि खुर्ची फुकट असते. बास, एवढंच कारण आहे. बाकी सगळ्या सबबी आहेत.

आणि फुकट म्हणजे कुणाच्या तरी वाट्याचं. खुर्च्या मोजक्या, त्या ढकलणारी माणसं त्याहून मोजकी. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेलं एक वृद्ध जोडपं आठवा. दोघांनीही खुर्ची मागितली होती, मिळाली एकच. पत्नी खुर्चीत बसली, ऐंशी वर्षांचे पती शेजारून चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. गेले. डीजीसीएने विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. ठीक आहे, पण दंडाने माणूस परत येत नाही. खुर्च्या पुरेशा ठेवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, त्यात मी तिला तसूभरही सूट देत नाही. पण गरज नसताना जो खुर्चीत बसतो, तो अशाच कुणाच्या तरी पुढे बसतो, हे विसरू नका.

"मग व्हीलचेअरला पैसे लावा, सर्टिफिकेट मागा!" हा उपाय लगेच पुढे येतो. मला तो मान्य नाही. चालता येत नाही म्हणून जास्त पैसे, हा पायांवरचा कर झाला. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याखाली आणि युरोपात २००६ च्या नियमाखाली ही मदत फुकटच द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. सर्टिफिकेटचं म्हणाल, तर कागद पाहून काउंटरवरचा माणूस ठरवणार की मी किती आजारी आहे? याचा अनुभव आपल्याकडे आधीच आहे. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. २०१२ मध्ये त्यांना कोलकात्यात विमानातून खाली उतरवलं. त्या लढल्या, आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना १० लाखांची भरपाई द्यायला लावली. तरीही २०२२ मध्ये रांचीत एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. कंपनीला ५ लाखांचा दंड झाला. मग कुठे नियम बदलला, की दिव्यांगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारता येणार नाही, आणि तब्येतीची शंका असेल तर डॉक्टरने प्रत्यक्ष तपासावं. एवढं सगळं करून मिळवलेलं आपण 'ढोंगी लोकांना धडा' शिकवायच्या नादात घालवणार का?

अजून एक गोष्ट, फार जणांना माहीत नसते. ज्यांची स्वतःची बॅटरीवरची खुर्ची असते, ती विमानाच्या पोटात जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासात ती मोडली तर १९९९ च्या माँट्रिअल करारानुसार ती 'सामान' धरली जाते. भरपाईला कमाल मर्यादा आहे, आपल्या रुपयांत दोन लाखांच्या आतबाहेर. चांगली खुर्ची कितीतरी महाग असते. आधीच जादा किंमत जाहीर करून, लागेल ते शुल्क भरलं, तरच मर्यादेच्या पुढे जाता येतं. म्हणजे तुमची बॅग आणि आमचे पाय एकाच मापात. यावर कुणी मीम करत नाही.

"मग एवढा त्रास आहे तर जायचंच कशाला? घरी बसावं." हे सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. अहो, लेकीचं बाळंतपण तिकडे आहे. भाऊ तिकडे आहे. आणि काहीच कारण नसेल, नुसता समुद्र बघायचा असेल, तरी जायचंय. बाहेर सगळं छान आहे असंही नाही. पॅरिसच्या मेट्रोत पूर्णपणे व्हीलचेअरने जाता येईल अशी एकच लाइन आहे, १४ नंबरची. लंडनच्या भुयारी रेल्वेत बहुसंख्य स्टेशनांना अजून पायऱ्या आहेत. पण तिथे कुठल्या स्टेशनावर पायरी नाही याचा नकाशा मिळतो, आणि शहरातल्या बसला रॅम्प असतो. घरून निघतानाच कळतं की कुठे जमेल, कुठे नाही. आपल्याकडे सुगम्य भारत अभियान सुरू झालं २०१५ मध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवू नका, बंधनकारक करा. परदेशाचं राहू द्या, मला विमानतळाआधी आमच्या सोसायटीच्या सात पायऱ्या उतरायच्या असतात.

तर मागणं सरळ आहे. विमान कंपन्यांनी सोबतीची सेवा स्वस्त करावी आणि तिकीट काढताना व्हीलचेअरच्या आधी तिचा पर्याय दाखवावा. मदत मागणाऱ्याला "सिद्ध करा" म्हणू नये, "काय जमत नाही?" एवढंच विचारावं. खुर्च्या आणि माणसं बुकिंगच्या आकड्याप्रमाणे उभी करावीत, आकडा ४८ तास आधी त्यांच्याकडे असतो. आणि आपण? आईबाबांचं तिकीट काढताना एजंटला फोन करून विचारा, कुठला कोड टाकलाय. चालता येत असेल तर काढायला सांगा आणि सोबत मागा. गरज असेल तर मात्र खुशाल खुर्ची घ्या, ताठ मानेने बसा, आणि उठून चालायचं तेव्हा चाला. कुणी हसलं तर ही पोस्ट दाखवा.