दार कोणी उघडावयाचे?

विद्यार्थ्याने शिकावे, राजकारणात पडू नये, हा उपदेश आपल्याकडे प्रत्येक पिढीला ऐकावा लागतो. परंतु प्रार्थनेचे शब्दही सरकारच ठरवू लागले, म्हणजे वसतिगृहात राजकारण प्रथम कोणी आणले, हा प्रश्न विचारणे भाग पडते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात नेमके हेच घडले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी होती, सत्याग्रही तुरुंगात जात होते. अशा वेळी औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज व हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथील विद्यार्थ्यांस वसतिगृहातील प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्याची मनाई झाली. त्यांनी ती मानली नाही. शेकडो मुलांची नावे पटावरून कमी करण्यात आली. सरकारचा हिशेब सरळ होता. राज्यात विद्यापीठ एकच. तेथून काढलेला मुलगा माफी तरी मागेल, नाहीतर पदवीला तरी मुकेल.

तो हिशेब नागपूर विद्यापीठाने चुकविला. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्या विद्यापीठाचे दार उघडून दिले. या चळवळीत भाग घेतलेले पी. व्ही. नरसिंह राव नागपुरास शिकले व १९९१ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले.

वऱ्हाडाने ही गोष्ट विसरू नये. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळ्यासारखी गावेही त्या वेळी नावाला निजामाचीच होती. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे गेला, म्हणून येथील मुलाचे विद्यापीठ नागपूर ठरले. मराठवाड्यातील मुलाच्या वाट्याला ते दैव आले नाही.

शिस्त नको, असे आमचे म्हणणे नाही. वर्ग उधळणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु मताबद्दल शिक्षणच हिरावून घेणे ही शिस्त नव्हे, सूड होय. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीस समाजमाध्यमावरील मजकुरासाठी महाविद्यालयाने काढून टाकले. तिचा मजकूर कोणास रुचो वा न रुचो. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित केला, तेव्हाच तिला परीक्षेचा मार्ग मोकळा झाला.

आज देशात निजाम नाही, संविधान आहे. म्हणूनच हा फरक अधिक बोचतो. १९३८ मध्ये परक्या राज्यातील मुलांसाठी एका विद्यापीठाने आपण होऊन दार उघडले. २०२५ मध्ये महाविद्यालयाने आपल्याच विद्यार्थिनीवर लावलेले दार न्यायालयाला उघडावे लागले. आपण कोणाचे वारस, हे आता प्राचार्यांनी व कुलगुरूंनीच ठरवावे.